फारकतीचा कायदा आणि त्याची तीन वाचने : पोर्तुगीज प्रजासत्ताक, चर्च आणि गोवा

धर्मसत्ता आणि राज्यसत्ता यांच्या संबंधांचा विचार करताना मराठी अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर प्रथम फ्रान्स उभा राहतो. पोर्तुगालची आठवण होते ती प्रामुख्याने गोव्याच्या इन्क्विझिशनमुळे. १५६० मध्ये सुरू झालेले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झालेले ते धर्मन्यायालय आपल्या सामूहिक स्मृतीत खोलवर रुतलेले आहे. त्यामुळे त्यानंतर शंभर वर्षांच्या आत त्याच पोर्तुगालने स्वतःच्या चर्चविरुद्ध युरोपातील एक अत्यंत कठोर कायदा केला, ही घटना झाकोळून गेली आहे. २० एप्रिल १९११ रोजी लिस्बनमध्ये जाहीर झालेला चर्च आणि राज्य यांच्या फारकतीचा कायदा हा ५ ऑक्टोबर १९१० च्या प्रजासत्ताक क्रांतीचा मध्यवर्ती दस्तऐवज होय.

हा दस्तऐवज तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण एकाच मजकुराचे तीन निरनिराळ्या ठिकाणी तीन निरनिराळे अर्थ झाले. उत्तर पोर्तुगालच्या खेड्यांत तो श्रद्धेवरील आघात म्हणून वाचला गेला, गोव्यातील हिंदू समाजात समान नागरिकत्वाची सनद म्हणून. आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील पोर्तुगीज धर्माधिकारांच्या बाबतीत खुद्द प्रजासत्ताकानेच तो बाजूला ठेवला. या तीन वाचनांतून कायद्याचे अंतरंग जितके स्पष्ट होते तितके त्याच्या कलमांतून होत नाही.

१. क्रांतीपूर्वीची वीण

१८२६ च्या सनदेने रोमन कॅथलिक धर्म हा पोर्तुगालचा राजधर्म ठरविला होता. बिशपांची नावे राजा सुचवीत असे आणि पोपचे आदेश देशात प्रसिद्ध करण्यासाठी राजाची संमती लागत असे. गावचा धर्मगुरू हा एका अर्थाने राज्याचा कारकूनही होता, कारण जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी चर्चच्या वह्यांतच होत. १८७८ पासून कॅथलिक नसलेल्यांसाठी नागरी नोंदवही उपलब्ध होती. परंतु तिच्यात नाव घालणे म्हणजे आपण गावापासून वेगळे आहोत असे चारचौघांत जाहीर करण्यासारखे होते. तात्पर्य, चर्चला राज्याचे संरक्षण होते आणि राज्याचा लगामही होता. एकोणिसाव्या शतकातील उदारमतवादी राजवटींनी १८३४ मध्ये धार्मिक संघ बरखास्त करून त्यांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या; तथापि हा लगाम त्यांनी सोडला नाही.

प्रजासत्ताकवाद्यांची चर्चविरोधी भूमिका राजकारणाआधी साहित्यात घडली, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. एसा द केइरोझ यांची पाद्री आमारोच्या अपराधाची कादंबरी प्रथम १८७५ मध्ये प्रकाशित झाली. प्रांतिक शहरातील धर्मगुरूंच्या जीवनातील दंभाचे तिने केलेले चित्रण दीर्घकाळ वादाचा विषय राहिले. गेर्रा जुंकेइरो यांचा उपहासात्मक काव्यसंग्रह १८८५ मध्ये आला. क्रांतीनंतर स्थापन झालेल्या हंगामी सरकारचे अध्यक्षपद तेओफिलो ब्रागा यांच्याकडे गेले. ते लिस्बनमध्ये साहित्याचे प्राध्यापक, पोर्तुगीज वाङ्मयेतिहासाचे लेखक आणि ओग्युस्त कोंतच्या प्रत्यक्षार्थवादाचे अनुयायी होते. धर्म ही मानवी विकासातील ओलांडली गेलेली पायरी होय, हा त्यांच्या पिढीचा सिद्धांत होता. हा सिद्धांत जोवर पुस्तकात होता तोवर त्याला प्रतिवाद करता येत होता. तो फर्मानाच्या भाषेत उतरला तेव्हा प्रतिवादाची जागा आज्ञाभंगाने घेतली.

२. सात महिन्यांची फर्माने

क्रांतीनंतर तिसऱ्याच दिवशी, ८ ऑक्टोबर १९१० रोजी, पहिले मोठे फर्मान निघाले. जेझुइटांना देशाबाहेर घालविणारा पोंबालचा १७५९ चा कायदा आणि धार्मिक संघ बरखास्त करणारा १८३४ चा कायदा त्याने पुन्हा अंमलात आणले. म्हणजे प्रजासत्ताकाने आपले पहिले शस्त्र राजेशाहीच्याच शस्त्रागारातून उचलले. १८ ऑक्टोबरला सार्वजनिक व्यवहारातील धार्मिक शपथ रद्द झाली आणि २२ ऑक्टोबरला प्राथमिक शाळांतील ख्रिस्ती धर्मशिक्षण थांबले. ३ नोव्हेंबरला घटस्फोट कायदेशीर झाला. २५ डिसेंबरच्या कुटुंबविषयक फर्मानांनी विवाह हा निव्वळ नागरी करार ठरला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी नागरी नोंदणी सर्वांना सक्तीची झाली आणि चर्चमधील जुन्या वह्या राज्याच्या कचेऱ्यांकडे सोपविण्याचा आदेश निघाला. कोइंब्रा विद्यापीठातील धर्मशास्त्राची विद्याशाखा १९११ मध्ये बंद होऊन तिच्या जागी साहित्य-विद्याशाखा आली. ज्या पिढीने साहित्यातून चर्चला आव्हान दिले, तिच्या दृष्टीने या बदलाला प्रतीकात्मक मोल होते.

या सर्व फर्मानांमागे न्याय आणि धर्मव्यवहार खात्याचे मंत्री आफोन्सो कोस्ता यांची बुद्धी होती. दोन पिढ्यांत कॅथलिक धर्म नाहीसा होईल असे उद्गार त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्यांनी ते नाकारले आणि त्यांची सत्यता वादग्रस्त आहे. परंतु विरोधकांनी हे वाक्य इतक्या सहज स्वीकारले, याचे कारण फर्मानांचा एकूण सूर त्याच्याशी जुळणारा होता.

३. मजकुराचे वाचन : फारकत की नवे पालकत्व?

२० एप्रिलच्या कायद्यात १९६ कलमे आहेत. आरंभीची कलमे कोणत्याही उदारमतवादी वाचकाला मान्य व्हावीत अशीच आहेत. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य सर्वांना आहे, कॅथलिक धर्म हा यापुढे राजधर्म नाही, कोणालाही त्याच्या धर्ममताबद्दल प्राधिकाऱ्याने विचारू नये. येथे कायदा संपला असता तर त्याचे नाव सार्थ झाले असते.

पुढील कलमांचा स्वर मात्र निराळा आहे. चर्च, मठ आणि त्यांची मालमत्ता राज्याची झाली. उपासनेसाठी इमारती वापरू दिल्या जातील, पण राज्याच्या परवानगीने. उपासनेचा खर्च पाहण्यासाठी नागरिकांच्या मंडळ्या स्थापन व्हाव्यात, त्यांच्या कारभारात धर्मगुरूंना स्थान असू नये आणि मिळकतीचा ठराविक हिस्सा लोकोपयोगी कामाला द्यावा, असे ठरले. सार्वजनिक उपासना सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच व्हावी आणि धर्मगुरूंनी झगा घालून रस्त्यावर येऊ नये, अशी कलमे आली. धर्मगुरूंना निवृत्तिवेतन देऊ करण्यात आले आणि धर्मगुरूच्या पश्चात त्याची विधवा व मुले यांनाही वेतन मिळेल अशी तरतूद झाली. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या वर्गाला उद्देशून विधवेचा उल्लेख करणे हा कायद्याच्या भाषेत दडवलेला उपहास होता. एसाच्या कादंबरीने जे सूचित केले होते ते आता कलमात मांडले गेले.

सर्वांत बोलके कलम पोपच्या आदेशांविषयीचे आहे. रोमहून आलेला मजकूर प्रसिद्ध करण्यास राज्याची संमती लागेल, ही राजेशाहीची जुनी अट प्रजासत्ताकाने कायम ठेवली. राजाने ती अट धर्माचा संरक्षक या नात्याने घातली होती. त्या नात्यामुळे तिला काही तर्क होता. आपला कोणत्याही धर्माशी संबंध नाही असे म्हणणाऱ्या राज्याने तीच अट कोणत्या नात्याने घालावी? मराठीतील 'फारकत' हा शब्द नाते तोडून देणे सुचवितो. फारकत झाल्यावर एका पक्षाचा दुसऱ्यावर हुकूम चालत नाही. येथे संरक्षणाचे दायित्व गेले, वेतनाचे स्वरूप बदलले, पण हुकूम राहिला. फ्रान्सच्या १९०५ च्या कायद्याशी या कायद्याची तुलना नेहमी होते. फ्रान्समध्येही उपासनामंडळ्यांवरून मोठा संघर्ष झाला. तथापि बिशपांच्या नेमणुका आणि रोमशी होणारा पत्रव्यवहार यांवरील राज्याचे नियंत्रण तेथे संपले. पोर्तुगालने कायद्याचा आराखडा बराचसा तेथून घेतला. मोकळीक मात्र घेतली नाही.

४. पहिले वाचन : उत्तरेकडील खेडी

बिशपांनी २४ डिसेंबर १९१० ही तारीख असलेले सामूहिक धर्मपत्र काढून फर्मानांचा निषेध केला होता. १९११ च्या आरंभी ते चर्चमधून वाचले जाऊ लागताच सरकारने मनाई केली. पोर्तूचे बिशप आंतोनिओ बारोझो यांनी मनाई न जुमानता वाचन चालू ठेवण्यास सांगितले. मार्च १९११ मध्ये सरकारने त्यांना पदावरून दूर केले. बारोझो हे आफ्रिकेत धर्मप्रचारक म्हणून काम केलेले आणि काही काळ मद्रासजवळच्या मैलापूरचे बिशप राहिलेले गृहस्थ होते. साम्राज्याने ज्यांना गौरविले त्यांनाच प्रजासत्ताकाने शत्रू ठरविले, हे जनसामान्यांच्या नजरेतून सुटले नाही. २४ मे १९११ रोजी पोप दहावे पायस यांनी परिपत्रक काढून कायदा निरर्थक आणि अमान्य असल्याचे घोषित केले. बहुसंख्य धर्मगुरूंनी देऊ केलेले वेतन नाकारले, उपासनामंडळ्या फारच थोड्या गावांत उभ्या राहिल्या आणि बहुतेक बिशपांना आपापल्या धर्मप्रांताबाहेर राहण्याच्या शिक्षा झाल्या. १९१३ मध्ये व्हॅटिकनशी असलेले राजनैतिक संबंधही तुटले.

येथे लोकसंख्येचे वास्तव ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे तीन-चतुर्थांश लोक निरक्षर होते. लिस्बनमधील वाचकवर्गाला कायदा छापील मजकूर म्हणून भेटला. मिन्यो किंवा त्राझ-उझ-मोंतिश येथील शेतकऱ्याला तो भेटला मालमत्तेची यादी करावयास आलेल्या अधिकाऱ्याच्या रूपाने, अडविलेल्या मिरवणुकीच्या रूपाने, गावातून निघून गेलेल्या धर्मगुरूच्या रूपाने. निरक्षर समाजाला कायदा वाचता येत नाही, तो केवळ भोगता येतो. साक्षरता वाढवून धर्माची पकड सैल करू पाहणाऱ्या सरकारकडे शाळा उघडण्यास पैसा कमी होता आणि मनाई करण्यास पैसा लागत नव्हता. म्हणून मनाई पुढे गेली आणि शाळा मागे राहिली.

१९१७ च्या मे ते ऑक्टोबर या काळात फातिमा येथे तीन गुराखी मुलांना मातेचे दर्शन झाल्याची वार्ता पसरली. तालुक्याच्या प्रजासत्ताकवादी प्रशासकाने ऑगस्टमध्ये त्या मुलांना ताब्यात घेऊन चौकशी केली. परिणामी ऑक्टोबरमध्ये जमलेला समुदाय अधिकच वाढला. या श्रद्धेच्या सत्यासत्यतेत न शिरता इतके म्हणता येते की, ज्या समाजाकडून मिरवणूक काढून घेतली गेली होती त्याने माळरानावर आपली स्वतःची मिरवणूक उभी केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सत्तेवर आलेल्या सिदोनिओ पाइश यांनी फेब्रुवारी १९१८ मध्ये कायद्याची धार बोथट केली आणि व्हॅटिकनशी संबंध पूर्ववत केले.

५. दुसरे वाचन : गोव्यातील हिंदू

गोव्यात हाच मजकूर निराळ्या भूमीवर पडला. तिसवाडी, बारदेस आणि साष्टी या जुन्या काबिजादींत राजधर्माचा अर्थ चार शतके देवळांच्या विध्वंसाशी, स्थलांतरित दैवतांशी आणि हिंदूंवरील निर्बंधांशी जोडलेला होता. एकोणिसाव्या शतकात त्यांतील अनेक निर्बंध सैल झाले असले तरी प्रशासनात आणि प्रतिष्ठेच्या जागांवर हिंदूंना दुय्यम स्थान होते. 'या राज्याला धर्म नाही' हे वाक्य मिन्योतील शेतकऱ्याला पोरके करणारे होते. फोंडे महालातील हिंदू गृहस्थाला मात्र ते प्रथमच घरात घेणारे होते. २१ ऑगस्ट १९११ च्या राज्यघटनेने धर्ममतावरून कोणाचाही हक्क हिरावला जाणार नाही अशी हमी दिली आणि शासकीय सेवेचे तसेच प्रतिनिधित्वाचे दरवाजे हिंदूंसाठी अधिक उघडले.

या काळात गोव्यातील मराठीच्या सार्वजनिक जीवनाला आलेली गती या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. जागृतीची सुरुवात क्रांतीआधीच झाली होती. पणजीतील मुष्टिफंड संस्था १९०८ ची आहे. परंतु १९११ मध्ये फोंड्यास गोवा विद्याप्रसारक मंडळ आणि म्हापशास सारस्वत विद्यालय उभे राहिले, १९१२ मध्ये गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे 'भारत' सुरू झाले. कॅथलिक कुळात जन्मलेले लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांच्यासारखे पोर्तुगीज भाषेत लिहिणारे विचारवंत हिंदूंच्या समान हक्कांची बाजू मांडीत होते. एका युरोपीय राजधानीत कॅथलिक चर्चशी हिशेब चुकता करण्यासाठी लिहिलेल्या कायद्याने, त्याच्या कर्त्यांनी फारसा विचार न केलेल्या एका समाजाला आपले म्हणणे मराठीत मांडण्याचे बळ दिले. कायद्याचा हेतू आणि कायद्याचा उपयोग यांत इतके अंतर क्वचितच पडते.

तरीही या वाचनाचे उदात्तीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. देवस्थानांच्या महाजनांचे व्यवहार १८८६ च्या नियमावलीने राज्याच्या देखरेखीखाली आणले होते. प्रजासत्ताकाने ती देखरेख उठविली नाही आणि १९३३ मध्ये नव्या नियमावलीने तिची पुनर्रचना झाली. हिंदूंच्या रीतिरिवाजांसंबंधीचे १८८० चे फर्मानही कायद्याच्या पुस्तकात राहिले. समान नागरिकत्व मिळाले ते व्यक्तीला. देवालयाचा हिशेब राज्याच्याच दप्तरात राहिला. चर्चच्या बाबतीत दिसलेली पालकत्वाची सवय येथेही कायम होती.

६. तिसरे वाचन : पाद्रोआदो

पूर्वेकडील चर्चवरील पोर्तुगीज राजाचा संरक्षणाधिकार, म्हणजेच पाद्रोआदो, हा राजधर्माचाच विस्तार होता. १८८६ च्या कराराने गोव्याच्या आर्चबिशपांना पूर्वेकडील पात्रिआर्क ही पदवी मिळाली आणि ब्रिटिश हद्दीतील काही धर्मप्रांतांतही पोर्तुगालचा शब्द राहिला. मुंबई परिसरात त्यामुळे एकाच गावठाणातील ख्रिस्ती कुटुंबे दोन धर्माधिकाऱ्यांत विभागली गेली होती. काही रोमच्या थेट अखत्यारीतील आर्चबिशपांकडे, तर काही पाद्रोआदोच्या दमण धर्मप्रांताकडे.

तर्कदृष्ट्या फारकतीच्या कायद्याने हा अधिकार संपावयास हवा होता. १९१३ मध्ये कायदा वसाहतींना लागू करण्याचे फर्मान निघाले, परंतु पाद्रोआदोचा दावा सोडण्यात आला नाही. जे राज्य लिस्बनच्या रस्त्यावर धर्मगुरूचा झगा सहन करीत नव्हते, ते मुंबई आणि मद्रास इलाख्यांत बिशपांच्या नेमणुकीतील आपला हक्क जपत होते. कारण तो हक्क साम्राज्याच्या प्रतिष्ठेचा अवशेष होता. पुढे १९२८ च्या करारानुसार दमण धर्मप्रांत विसर्जित होऊन मुंबईतील दुहेरी व्यवस्था संपली, तरी मुंबईच्या आर्चबिशपपदी आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश व्यक्ती असावी असे ठरले. स्वतंत्र भारताच्या भूमीवरील हे हक्क पोर्तुगालने १९५० मध्ये सोडले.

७. शिल्लक काय राहिले

२८ मे १९२६ च्या लष्करी उठावाने पहिले प्रजासत्ताक संपले. १९३० च्या वसाहत कायद्याने साम्राज्य आणि मिशन यांची सांगड पुन्हा घट्ट केली आणि वसाहतींतील जनतेचे राजकीय हक्क आकुंचित केले. त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात मिनेझिश ब्रागांझा यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. ७ मे १९४० रोजी सालाझारच्या सरकारने व्हॅटिकनशी करार केला. त्यात चर्चला बरीच मालमत्ता आणि सन्मान परत मिळाला, पण तिला पुन्हा राजधर्म करण्यात आले नाही.

क्रांतीच्या फर्मानांपैकी जी टिकली त्यांची यादी या दृष्टीने उद्बोधक आहे. झग्यावरील बंदी गेली, उपासनामंडळ्या गेल्या, आदेशांवरील संमतीची अट गेली. टिकली ती नोंदवही. १९१० चे विवाह आणि घटस्फोट यांविषयीचे कायदे गोव्यात लागू झाले होते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या प्रशासन अधिनियमाने प्रचलित कायदे चालू ठेवले. गोव्यातील वधूवर आजही नागरी निबंधकासमोर आधी विवाहाच्या हेतूची घोषणा आणि नंतर तिची पुष्टी करतात. मग त्यांचा धर्म कोणताही असो. १९४६ च्या फर्मानाने चर्चमधील विवाहाला काही स्वतंत्र परिणाम दिले, तरी नोंदीची चौकट मोडली नाही. समान नागरी कायद्याच्या भारतीय चर्चेत गोव्याचे उदाहरण वारंवार दिले जाते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या एका निकालात ते गौरवाने दिले. मात्र या उदाहरणाची मुळे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेबरोबरच एका चर्चविरोधी क्रांतीच्या पहिल्या काही महिन्यांत आहेत, हे त्या चर्चेत क्वचित सांगितले जाते.

यातून निघणारा निष्कर्ष पोर्तुगालपुरता मर्यादित नाही. क्रांतिकारी सरकारने जेथे धर्माची अट काढून घेतली, जसे शपथेत, विवाहनोंदीत आणि नागरिकत्वात, तेथे त्याचे काम टिकले आणि दूरच्या, अनपेक्षित समाजांनाही उपयोगी पडले. जेथे त्याने धर्माचा कारभार स्वतः हाकण्याचा प्रयत्न केला तेथे ते पराभूत झाले. आणि जेथे धर्म साम्राज्याच्या कामाचा होता तेथे त्याने प्रयत्नच केला नाही. राज्याने धर्माकडून काय काढून घेतले यावरून सुधारणेचे मोजमाप करण्याची सवय इतिहासलेखनाला आहे. पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या बाबतीत, राज्याने स्वतःच्या हातातून काय सोडले, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. त्याचे उत्तर फार थोडे असे आहे; आणि जे थोडे सोडले, तेवढेच उरले.